सांगलीची पेठ आणि मर्यादेचं पीठ



सांगलीच्या जुन्या पेठेच्या आठवणी हल्ली खूपजण लिहितात. कुणाला कॉलेजच्या दिवसांतली मिसळ आठवते, कुणाला सिनेमा सुटल्यावरचा गरम वडा, कुणाला रात्री उशिरा मिळणारी कच्छी दाबेली. वाचायला मलाही आवडतं. पण वाचता वाचता लक्षात येतं की यातलं निम्मंअधिक आपण कधी तोंडात घातलेलंच नाही. कांदा-लसूण नको, बटाटा नको, चातुर्मासात पालेभाजी नको, आणि दिवस मावळला की काहीच नको. मग आपल्या घरातल्या बायकांना पेठ आठवते ती कशाची?

माझ्या आईला विचारलं तर ती एका दमात सांगते. दळणाची गिरणी, भडंगाची भट्टी, कल्हईवाला, कापडपेठेतलं पांढऱ्या लुगड्यांचं दुकान आणि एक हॉटेल. यातलं आज एकही नाही. आज त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. चवीपेक्षा जास्त मला त्या दुकानांमुळे आपला धर्म पाळणं किती सोपं झालं होतं हे सांगायचं आहे. ते असताना कळलं नव्हतं, गेल्यावर कळलं.

पेठेची ओळख आधी करून देते, कारण बऱ्याचजणी इचलकरंजी, बेळगाव, जयसिंगपूरकडच्या आहात. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीला सांगली राजधानी झाली. गणपतीचं मोठं देऊळ, राजवाडा आणि भोवती पेठा. पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट, त्यांच्या नावाचा हरभट रोड. किराणा-भुसाराला गणपती पेठ, कापडाला कापडपेठ, सोन्याला सराफ कट्टा, भाजी आणि बाकी सगळ्याला मारुती रोड. आणि पश्चिमेला कृष्णामाई, तिच्यावर १९२९ सालचा आयर्विन पूल. आमचं घर गावभागात. घरातून निघून दळण टाकायचं, देवदर्शन करायचं, भाजी घ्यायची आणि येताना दळण उचलायचं, हे सगळं तासाभरात पायी व्हायचं.

सांगली हळदीचं गाव. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची, की गावाचं नाव ज्या कंदामुळे झालं तो ओला कंद आपल्या घरात येत नाही! ओली हळद, ओलं आलं वर्ज्य. वाळून कोरडी झालेली हळद आणि सुंठ चालते. गणपती पेठेतल्या दुकानदारांना हे पाठ होतं. हिवाळ्यात ओल्या हळदीच्या लोणच्याची टूम निघायची तेव्हा नवा नोकर आईला म्हणायचा, "काकू, ओली हळद देऊ?" आणि गल्ल्यावरून मालकाचा आवाज यायचा, "अरे, त्या बस्तीच्या बाजूच्या काकू आहेत. त्यांना सुंठ दाखव." मालक काही जैन नव्हते. पण गिऱ्हाइकाचा धर्म त्यांच्या ध्यानात असायचा, जसा त्याचा उधारीचा आकडा असायचा.

आता गिरणी.

आमच्याकडे मर्यादेचं पीठ लागतं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी व्रती मंडळी आहेत त्यांना सांगायला नको, पण नव्या मुलींसाठी सांगते. दळलेल्या पिठाला शास्त्रात मुदत दिलेली आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस, हिवाळ्यात सात दिवस. त्यानंतर त्यात जीवोत्पत्ती होते म्हणून ते वापरायचं नाही. म्हणजे पाच-दहा किलोची पिशवी आणून महिनाभर पुरवायची हे आपल्यात बसत नाही. पावसाळ्यात तर तिसऱ्या दिवशी गिरणी गाठावीच लागते. कुणी मुनिमहाराज किंवा माताजी गावात आल्या आणि घरी चौका लावला, तर काळजी आणखी.

गिरणीवाल्या मामांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. माझ्या आजीने त्यांच्या वडिलांना सांगितलं, त्यांनी मामांना सांगितलं. आमचं दळण सकाळी पहिलं. गिरणी चालू करायच्या आधी मामा कुंच्याने पाळू झाडायचे. आदल्या दिवशीचं पीठ दगडात, नळकांड्यात अडकून राहतं, आणि ते आपल्या पिठात मिसळलं तर मर्यादा मोडते. म्हणून आमच्या डब्यातला मूठभर गहू आधी टाकून ते पीठ बाजूला काढायचे. ते गाईच्या गोळ्याला जायचं. मग आमचा डबा. आमच्यानंतर इतर जैन घरांचे, त्यानंतर बाकीचे. अष्टमी-चतुर्दशीला आम्ही दळण टाकत नाही हेही त्यांना ठाऊक. एखाद्या अष्टमीला मी शाळेला जाता जाता गिरणीपुढून डबा घेऊन चालले तर म्हणायचे, "काय गं बाळ, आज डबा? आज अष्टमी न्हवं?" डब्यात माझ्या मैत्रिणीची पुस्तकं असायची.

गिरणीबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर चार बायका बसायच्या आणि दोघी उभ्या राहायच्या. कुणाची मुलगी दाखवायची आहे, कुणाच्या सासूबाईंचे सोळाकारण चालू आहेत, कोणते महाराज कुठे विहार करत आहेत, कुणाच्या मळ्यात यंदा ऊस तुटला नाही, सगळं त्या बाकावर कळायचं. पुरुषांना चावडी होती, कट्टा होता. बायकांना काम हातात घेतल्याशिवाय घराबाहेर बसायला जागा नव्हती. दळणाचा डबा हे बसायचं कारण होतं.

भडंगाची भट्टी मारुती रोडच्या एका बोळात होती. आपल्याकडचं भडंग म्हणजे लसणाचंच. ठेचलेला लसूण तेलात तळून, लाल तिखट, मेतकूट घालून चुरमुरे त्यात घोळवायचे. त्या वासाने बोळ भरून जायचा. पर्युषण जवळ आलं की भट्टीवाले काका एक दिवस ठरवून द्यायचे. त्या दिवशी पहाटे कढई घासून, नवं तेल घालून पहिला घाणा बिनलसणाचा. हिंग, कढीपत्ता, जिरेपूड, थोडी पिठीसाखर आणि आमचूर. शेंगदाणे आणि डाळं सढळ हाताने. आमच्याकडच्या मुलांना त्या दिवशी वीस-वीस पुड्यांची ऑर्डर घेऊन पिटाळायचे. काका पुड्यांवर निळ्या पेन्सिलीने फुली मारायचे. फुलीची पुडी म्हणजे आपली. दुकानात नंतर कितीही गर्दी झाली तरी फुलीच्या पुड्यांना लसणाचा हात लागत नसे.

मी अजून त्याच पद्धतीने घरी करते. अर्धा किलो भडंगाच्या चुरमुऱ्यांना वाटीभर तेल, पाव चमचा हिंग अगदी शेवटी आणि गॅस बंद करून मगच तिखट. तिखट जळलं की सगळं गेलं. चुरमुरे आधी उन्हात किंवा मंद आचेवर कडक करून घ्या. चव जवळ जाते. फुलीची मात्र नाही येत!

हॉटेलचं सांगायला हवं, कारण आमच्या घरात हॉटेलात जाणं हीच मुळात मोठी गोष्ट होती. वर्षातून तीन-चार वेळा, बहुतेक दिवाळीच्या कपड्यांच्या खरेदीनंतर. बायका-मुलांसाठी आत पडदा लावलेली फॅमिली रूम. बाहेर पुरुष टेबलावर पाय पसरून चहा पीत, पेपर वाचत बसलेले आणि आम्ही पडद्याआड. आज मुलींना सांगितलं तर त्यांना राग येतो, आणि यायलाच हवा. एकटी बाई त्या हॉटेलात चहाला गेली असं मी कधी पाहिलं नाही. जुन्या पेठेचं कौतुक करताना हा पडदा विसरायचा नाही असं मी ठरवलेलं आहे.

तर त्या पडद्याआड हॉटेलवाले आण्णा स्वतः यायचे. आम्हा मुलांसाठी साधा डोसा, तव्यावर कांदा पडायच्या आधी काढलेला. सांबार नाही, खोबऱ्याची चटणी. दहीवडा त्यांनी आमच्या टेबलाला कधी विचारला नाही. कच्चं दही आणि डाळ एकत्र आली की द्विदळ, ते आपल्याला वर्ज्य, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आजी काहीच खायची नाही. आंबवलेलं नको, बाहेरचं पाणी नको. ती घरचा तांब्या घेऊन बसायची. एकदा तांब्या संपला. आण्णांनी पितळी कळशी आणली, आजीच्या पिशवीतलं फडकं मागून घेतलं, दुहेरी करून तिच्यासमोर पाणी गाळलं आणि फडकं उलटं करून त्यावर पाणी ओतून, तेही खाली न सांडता आडाकडे नेलं. गाळलेल्या पाण्यातले जीव परत पाण्यातच जायला हवेत, हा जिवाणीचा नियम. आजीने ते पाणी घेतलं. आयुष्यात हॉटेलात घेतलेलं तिचं हे एकमेव पाणी असावं.

हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. खरेदीत उशीर झाला की आई घाई करायची. आण्णा दारात जाऊन आकाश बघून यायचे आणि म्हणायचे, "वेळ आहे अजून वैनी, बसा निवांत. पोरांना खाऊ द्या." आणि एकदा म्हणाले, "आज नको. दहा मिनिटांत मावळतो. पुडा बांधून देतो, उद्या सकाळी गरम करून घ्या." गिऱ्हाईक दारातून परत पाठवणारा हॉटेलवाला मी नंतर पाहिला नाही.

कापडपेठेतलं दुकान आई कधी विसरत नाही, त्याला कारण माझी आत्या. ती सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. त्या काळी तिला पांढरं नेसून कापडपेठेत जाऊन दुकानात बसणं नको वाटायचं, लोक बघतात म्हणून. दुकानदार दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी गठ्ठा घरी पाठवायचे. पांढऱ्यात चार, आणि त्याच्या खाली न सांगता दोन बारीक काठाची, फिकट निळी नाहीतर करडी. "आवडलं नाही तर परत करा, घडी मोडली तरी चालेल," असा निरोप. आत्याने तिसऱ्या वर्षी करड्या काठाचं ठेवून घेतलं. घरात कुणी काही बोललं नाही. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, नेसायचं ते नेसली. पण पहिलं पाऊल त्या गठ्ठ्यातून पडलं असं ती स्वतः सांगायची. दुकानदाराने कुणाला उपदेश केला नव्हता. फक्त गठ्ठ्यात दोन लुगडी जास्त ठेवली होती.

हे सगळं गेलं कसं? एका दिवसात गेलं नाही. घाऊक व्यापार मार्केट यार्डात गेला तेव्हा गणपती पेठेतली गर्दी पातळ झाली. पितळेच्या जागी स्टील आलं, कल्हईवाल्याचं भाता-नवसागर थंडावलं. गाव विश्रामबागकडे, मिरज रोडकडे सरकलं, नवी घरं तिकडे झाली. पेठेत गाडी लावायला जागा नाही म्हणून सुना तिकडच्याच मोठ्या दुकानात जाऊ लागल्या. मुलं शिकून पुण्याला गेली, त्यात मीही आले. बापाच्या भट्टीवर बसायला इंजिनियर मुलगा कसा येईल, आणि का यावं त्याने?

आणि पाणी. सांगलीकराला पावसाळ्यात एकच प्रश्न विचारतात, "आयर्विनला किती?" ४५ फुटांना धोक्याची पातळी. २००५ साली पाणी पेठेत शिरलं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पिढ्यानपिढ्यांची पद्धत होती, ती पेवं त्या वर्षी बुडाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, सगळीकडे होड्या फिरल्या. २०२० ला करोनाने दुकानं बंद केली आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं. पुरातून सावरायला दुकानदाराला दोन-तीन वर्षं लागतात. इथे ती मिळालीच नाहीत.

२०१९ च्या पुरात आईला आणि दादा-वहिनीला घर सोडून विश्रामबागला नातेवाइकांकडे जावं लागलं. ओसरल्यावर परत आले तर गावभागात चिखलाचा थर, माजघरात भिंतीवर छातीच्या वर ओलीची रेघ. गिरणीचं विचारूच नका. मोटर जळालेली, पाळूच्या टाक्यांत गाळ बसून दगडासारखा झालेला, बाक वाहून गेलेला. मामांचं वय सत्तरीपुढे. त्यांनी गिरणी पुन्हा उभी केली नाही.

आता यात माझ्या आईचं काय झालं ते सांगते. आई दोन प्रतिमांची व्रती. पुरानंतर पंधरवडाभर तिला मर्यादेचं पीठ मिळेना. ज्या गिरण्या चालू होत्या तिथे रांगा, आणि तिथे कुणाला पहिली मूठ बाजूला काढा म्हणून सांगणार? जे घरातून दोन बादल्या पाण्याला महाग झाले होते त्यांच्यापुढे आपला नियम घेऊन उभं राहायचं, हे तिला पटेना. "त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि मी पिठाचं काय सांगू," म्हणाली. ती भात आणि मुगाच्या वरणावर राहिली. तोपर्यंत पर्युषण आलं. तीन सप्टेंबरला पर्व सुरू, आणि घरात भाकरी नाही, चपाती नाही. शेवटी दादाने घरघंटी आणली. छोटी, विजेवर चालणारी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावणारी. आईला मर्यादेचं पीठ मिळालं. दादा-वहिनीने नंतर गावभागातलं घर आवरून विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पाण्याची भीती गेली.

मग सगळं नीट झालं की नाही? पीठ झालं, पण आई गप्प झाली. दोन-तीन महिन्यांनी वहिनीच्या लक्षात आलं की आईला बाहेर पडायला कारणच उरलेलं नाही. बस्ती लांब, रिक्षाने जावं लागतं, तेही कुणी नेलं तर. गिरणी घरात, भाजी फोनवर, औषध फोनवर. ज्या बायकांना ती तीन दिवसांनी एकदा हमखास भेटायची त्यातली एक कुपवाडला गेली, एक मुलीकडे हुबळीला, एक गेलीच. त्यांचे फोन नंबर तिच्याकडे नव्हते. बाकावर भेटणाऱ्यांचे नंबर कोण लिहून ठेवतं?

मला वाईट वाटायचं आणि मी पुण्याहून फोनवर जुन्या पेठेच्या गोष्टी काढायची. भडंग आठवतं का, आण्णांचं हॉटेल आठवतं का. एक दिवस तिने मला थांबवलं. म्हणाली, "अगं, दुकान म्हणजे पुद्गल. दगड, विटा, पत्रा. ते जायचंच. अनित्य भावना तोंडाने म्हणायची आणि भट्टीसाठी रडायचं, हे काय? तुला हळहळ वाटते ती कढईची की काकांची?"

मैत्रिणींनो, मी त्यावर बरेच दिवस विचार केला. परिग्रह म्हणजे घरात किती वस्तू आहेत एवढंच नसतं. शास्त्राने परिग्रहाचं मूळ मूर्च्छेत सांगितलं आहे, ममत्वात. म्हणजे जी वस्तू उरलेलीच नाही तिचाही परिग्रह होऊ शकतो. जुन्या पेठेच्या आठवणीत रमून नव्या गावाला नावं ठेवत बसलं तर तो आठवणींचा परिग्रहच झाला. तिकडे पडदा होता हे विसरून जायचं, इकडे माझी भाची एकटी जाऊन कॉफी पिते हे दिसू द्यायचं नाही, असं ते. पण आई दुकानाबद्दल जे बोलली ते माणसाबद्दल बोलली नाही. माणसाचा उपकार लक्षात ठेवणं हा काही परिग्रह होत नाही.

पुढच्या वर्षांत एकदा क्षमावाणीला मी सांगलीत होते. आपण क्षमावाणीला आपल्याआपल्यांत फिरतो, उत्तम क्षमा म्हणतो. आई म्हणाली, "गिरणीवाल्यांकडे जाऊया. चाळीस वर्षं त्यांच्याकडून पहिलं दळण घेतलं. बाकीच्या बायका थांबायच्या आमच्यामुळे. त्यांचीही मागू, त्यांच्या गिऱ्हाइकांचीही मागू." पत्ता शोधायला दोन दिवस लागले. मामा मुलाच्या घरी कुपवाड रोडला होते. पलंगावर. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. आईने हात जोडले, काय म्हणायचं ते म्हटलं. मामांनी आवाजावरून ओळखलं. पहिला प्रश्न विचारला, "आक्का, दळण कोण देतंय आता तुमचं?"

आई म्हणाली, घरघंटी आहे.

"पाळू झाडता न्हवं रोज? पहिली मूठ काढता?"

"काढते."

"मग हरकत नाही," मामा म्हणाले आणि निवांत झाले. जणू इतकी वर्षं ते त्याच काळजीत होते. त्यांच्या सुनेने आम्हाला चहा विचारला, मग स्वतःच म्हणाली, "नाही, तुम्ही घेणार नाही. पाणी गाळून देते." मामांनी ते घरात शिकवलेलं होतं.

परतताना रिक्षात आई बऱ्याच दिवसांनी बोलत होती. तिनेच वहिनीला सुचवलं. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये मिळून आपली नऊ घरं आहेत. तिघींच्या घरात व्रती सासू. प्रत्येकीच्या ओट्याखाली एकेक घरघंटी ठेवून काय करायचं? आमची घंटी दादाने खाली पार्किंगच्या बाजूच्या खोलीत हलवली, सोसायटीला विचारून, विजेचं वेगळं मीटर लावून. सोमवार, गुरुवार, शनिवार सकाळी आठ ते साडेनऊ. अष्टमी-चतुर्दशीला बंद. गहू-ज्वारी निवडून आणायची, डब्यावर नाव लिहायचं, पहिली मूठ बाजूच्या पातेल्यात. ते पातेलं दूधवाल्याच्या म्हशीला जातं. आई खुर्ची टाकून बसते आणि देखरेख करते. वहिनीने तिथे एक जुना बाक मिळवून ठेवला आहे. आता त्यावर आपल्या नसलेल्या दोघीही येऊन बसतात. एकीला ताजं पीठ हवं असतं, दुसरीला नुसतं बोलायला हवं असतं.

ही काही पेठ परत आली असं मी म्हणणार नाही. पेठेत परक्या माणसाने आपला नियम स्वतःचा करून घेतला होता, तशी ओळख व्हायला दोन-तीन पिढ्या जातात. इथे आम्ही आमची सोय केली आहे, एवढंच. पण ती सोय करताना एक कळलं. आपला आचार आपण एकट्याने पाळतो असं आपल्याला वाटतं. आजीचं पाणी आण्णांनी गाळलं होतं, पर्युषणाच्या पुडीवर फुली काकांनी मारली होती, आणि मर्यादा सांभाळली होती ती पाळू झाडणाऱ्या मामांनी. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्या कुठल्या पाटीवर नाही.

तुमच्या गावातही असं कुणीतरी अजून असेल. गोडं तेल काढून देणारा घाणेवाला, सकाळी पहिली कढई तुमच्यासाठी ठेवणारा हलवाई, मावळायच्या आत ताट वाढणारी खाणावळवाली. त्यांचं दुकान चालू असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी तिथूनच घ्या. बंद झालं असेल तर येत्या क्षमावाणीला त्यांच्या घरी जाऊन या. आणि लेकी-सुनांना बरोबर न्या. त्या माणसांना आपल्याबद्दल जे माहीत आहे ते कधी कधी आपल्या मुलींना माहीत नसतं.

जय जिनेंद्र.